उलटी प्रदक्षिणा

"डावखुऱ्या पोरांना आपण तिसऱ्या बेसवर उभं करत नाही," एवढंच कोच म्हणाला. आवाजात राग नव्हता की तोरा नव्हता. भला माणूस आहे, शनिवारची झोप मोडून दुसऱ्यांच्या बारा पोरांमागे फुकट धावतो. त्यानं लेकीच्या टोपीवर टपली मारली आणि तिला पहिल्या बेसकडे पिटाळलं. तीही गेली. जाताना बुटाच्या टोकानं थोडी लाल माती उडवली, तेवढंच. मेरिलँडमधली एप्रिलची सकाळ होती, पोरांच्या बेसबॉलची. उन्हात बसावं तर घाम, सावलीत बसावं तर स्वेटर. गाड्यांच्या काचांवर परागकणांची पिवळी पूड साचलेली. घडीच्या खुर्चीत बसून मी थर्मासमधला चहा ओतत होते. ते वाक्य ऐकलं आणि चपलेत खडा जावा तसं झालं. चालायचं थांबत नाही, पण पाय टेकला की कळतं.

घरी येताना मागच्या सीटवरून प्रश्न आला, "आजपर्यंत एकही नाही?" मी विचारलं, "एकही काय?" "थर्ड बेसला. माझ्यासारखं." मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात आई 'बघू' म्हणाली की तो विषय संपला असं समजायचं, हे लेकीला पक्कं ठाऊक आहे. तिनं खिडकी खाली केली आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बाहेर थुंकायला सुरुवात केली. बेसबॉलनं तिला शिकवलेली ही पहिली विद्या.

मैदानावर माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा बसतात. नातू शॉर्टस्टॉपला खेळतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, कानावर पेन्सिल, मांडीवर आडवी वही. त्या वहीत ते दहा वर्षांच्या पोरांची मॅच अशी लिहितात, जशी माझे वडील बँकेत खतावणी लिहायचे. प्रत्येक पोराच्या नावापुढे जागेचा आकडा. चेंडू टाकणारा पिचर १, बॅटिंगवाल्यामागे बसून झेलणारा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या गवतातले तिघे ७, ८, ९. एखाद्या चौकटीत '५-३' दिसलं की समजायचं, तिसऱ्या बेसवाल्यानं चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि गडी बाद झाला. पहिल्या वर्षी मला या खेळातलं काहीही कळत नव्हतं तेव्हा मी मैदानाऐवजी या वहीतच बघायचे. मॅच कळायची ती तिथूनच.

पुढच्या शनिवारी मी आजोबांना लेकीचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न टाकला. "सांगा बघू, या खेळात कुठल्या जागेवर सगळ्यात कमी थोर माणसं झाली?"

आता हा प्रश्न घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत मोठ्यानं विचारायचा नसतो. पलीकडून एका मुलाचा बाप लगेच म्हणाला, "कॅचर." त्याचं म्हणणं असं की कॅचर नऊ डाव उकिडवा बसतो, ऐन उमेदीत त्याचे गुडघे आजोबांसारखे होतात, मग थोर व्हायला वेळ कुठून आणायचा? जॉनी बेंच, योगी बेरा ही मोठी नावं खरी, पण जो मावरसारख्यालासुद्धा डोक्याला मार बसल्यावर २०१४ पासून पहिल्या बेसवर जावं लागलं. आणखी कोणी तरी डीएच म्हणालं, म्हणजे जो फक्त बॅटिंग करतो आणि एरवी बाकावर बसतो तो. आजोबांनी हात झटकला. "ती जागा १९७३ साली जन्मली. तिला जागा म्हणायचं की खुर्ची?" मग पेन्सिल कानावरून काढून वहीच्या कोपऱ्यात पाचाचा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या दालनात, १९३६ साली पहिले पाच जण निवडले गेले. कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन, जॉन्सन. तिसऱ्या बेसवाला एकही नाही. पहिला आत शिरला तो जिमी कॉलिन्स, १९४५ मध्ये. बेसबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांनी स्वतः मत देऊन निवडलेला पहिला म्हणजे पाय ट्रेनर, १९४८ चा. आणि त्यानंतर पत्रकारांना दुसरा सापडायला १९७८ उजाडलं. तीस वर्षं! तो दुसरा म्हणजे एडी मॅथ्यूज, ज्याच्या नावावर ५१२ होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, होते, आणि त्यालाही पाचव्या खेपेला घेतलं. आजही या जागेवरचे लोक वीसच्या आसपासच आहेत. कोणाला कुठे मोजायचं यावर कॅचरपेक्षा एक-दोन कमी नाही तर तेवढेच. म्हणजे पलीकडचा बाप अगदीच चुकला नव्हता, पण हे मी त्या वेळी बोलले नाही.

मला त्या वादाचा सूर फार ओळखीचा वाटला. मिरजेला आमच्या ओट्यावर वडील आणि काका भारताचा सर्वकालीन संघ काढायचे. दर रविवारी, जेवणानंतर, बडीशेप तोंडात टाकून. मधल्या फळीवर भांडण व्हायचं ते गर्दीमुळे. विश्वनाथ घ्यायचा तर वेंगसरकरला कुठे बसवायचं? आणि सलामीला भांडण व्हायचं ते टंचाईमुळे. गावसकर लिहून झाला की वडिलांचं पेन थांबायचं. काका म्हणायचे मर्चंट, वडील म्हणायचे मांकड. सेहवाग येऊन ती जागा भरेपर्यंत माझं लग्न होऊन मी इकडे आले होते, आणि काकांना ते मान्य नव्हतंच. फोनवर म्हणाले, "तो चांगला आहे गं, पण तो सलामीवीर नाही, तो उशिरा आलेला पाचव्या नंबरचा माणूस आहे." सेहवागची सुरुवात मधल्या फळीत झाली होती हे त्यांनी कधी माफ केलं नाही.

तिसऱ्या बेसचं दुखणं नेमकं हेच निघालं. ती जागा म्हणजे धर्मशाळा. पुजोल्स पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त तिथेच खेळला, मग तिथून गेला आणि पहिल्या बेसवाला म्हणून ७०३ होम रनपर्यंत पोचला. ६१२ वाला जिम थोमी तिथूनच निघालेला. हॉलमध्ये डीएच म्हणून गेलेला एडगर मार्टिनेझसुद्धा मुळात तिसऱ्या बेसचाच. आणि आमच्या बाल्टिमोरचा कॅल रिपकन! सलग २,६३२ सामने खेळलेला हा माणूस सगळ्या जगाला शॉर्टस्टॉप म्हणून माहीत. पण ३० मे १९८२ ला ती माळ सुरू झाली तेव्हा तो तिसऱ्या बेसवर उभा होता. जुलैत मॅनेजर अर्ल वीव्हरनं त्याला शॉर्टस्टॉपला हलवलं. शेवटची काही वर्षं तो पुन्हा तिसऱ्या बेसवर आला आणि १९९८ मध्ये ती माळ संपली तीही तिथेच. मोजदाद मात्र शॉर्टस्टॉपच्या खात्यात. हे सांगताना आजोबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या वाट्याची जमीन चुलत्यानं नावावर करून घेतली आहे.

बरं, ही जागा तरी कसली? बॅटिंग करणाऱ्यापासून नव्वद फुटांवर. ते इतक्या जवळ आहे की उजव्या हातानं खेळणाऱ्यानं चेंडू ओढला तर तो दिसण्याआधी अंगावर येतो. म्हणून तिला 'हॉट कॉर्नर' म्हणतात. तो अडवायचा, उचलायचा आणि मैदान आडवं कापून सव्वाशे फुटांवरच्या पहिल्या बेसवर फेकायचा. शॉर्टस्टॉपसारखं चपळ असावं लागतं, पण शॉर्टस्टॉपसारखं कौतुक होत नाही. पहिल्या बेसवाल्यासारखी बॅट चालावी लागते, पण हा तिसऱ्या बेसवाला बिचारा दमलेला असतो. शिवाय ही जागा मध्येच बदलली. १९२० च्या आधी बॅट हळूच टेकवून चेंडू समोर पाडायची, बंट करायची चाल फार, त्यामुळे तिथे पळून उचलणारा माणूस लागायचा, बॅट दुय्यम. पुढे चेंडू लांब जायला लागले, बंट कमी झाले आणि त्याच जागेकडून लोक होम रन मागू लागले. एका पिढीची लायकी दुसऱ्या पिढीच्या मापानं मोजली की माणसं कमी भरणारच. बाल्टिमोरचा गाजलेला तिसऱ्या बेसवाला ब्रूक्स रॉबिन्सन, त्याचा कारकिर्दीतला बॅटिंगचा सरासरी आकडा .२६७. नुसता तो आकडा दाखवला तर कोणी चहाही विचारणार नाही.

पण डावखुऱ्यांचं काय, हे आजोबांनी अजून सांगितलं नव्हतं.

ते कळलं सासूबाईंमुळे. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नऊवारीवर माझं फ्लीसचं जाकीट, पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज, हातात जपमाळ, अशा त्या पहिल्यांदा मैदानावर आल्या. पहिला, दुसरा, तिसरा बेस शिवत पळणाऱ्या पोरांकडे दोन डाव गप्प बसून बघितलं आणि मग म्हणाल्या, "अगं, ही पोरं उलटी प्रदक्षिणा का घालतायत?" मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत मला हे दिसलंच नव्हतं. देवळात देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. इथे पिचर मध्ये उभा आणि सगळे त्याला डाव्या हाताला ठेवून पळतात. मी आजोबांना सासूबाईंचं वाक्य सांगितलं. आजोबा कधी नव्हे ते खेळ सोडून सासूबाईंकडे बघायला लागले. "बाईंनी बरोबर पकडलं," म्हणाले. "सगळं त्यातच आहे."

त्यांनी उठून दाखवलं. बॅटिंगवाल्याकडे तोंड करून तिसऱ्या बेसवर उभं राहिलं की पहिला बेस आपल्या डावीकडे येतो. उजव्या हातानं फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआप तिकडे वळलेला असतो. उचलला, पाऊल टाकलं, फेकला. डावखुऱ्याला मात्र उचलल्यावर अख्खं अंग फिरवून घ्यावं लागतं. त्या अर्ध्या गिरकीत धावणारा पोचतो. दुसरा बेस आणि शॉर्टस्टॉप, दोन्हीकडे तीच रड. म्हणजे मुळात कोणी तरी पळायची दिशा ठरवली आणि पुढे चार जागा कायमच्या उजव्यांच्या झाल्या, कारण कॅचरही डावखुरा ठेवत नाहीत. पोरं दुसऱ्या बाजूनं पळाली असती तर माझी लेक ऐटीत हॉट कॉर्नरला उभी राहिली असती आणि आजोबांचा नातू उजवीकडच्या गवतात फुलपाखरं मोजत बसला असता. डॉन मॅटिंगली हा एवढा मोठा डावखुरा पहिल्या बेसवाला, १९८६ मध्ये तीन सामने तिसऱ्या बेसवर उभा राहिला तर ते लोकांना आजही गंमत म्हणून आठवतं. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या बेनी डिस्टेफानोनं डावखुरा कॅचर म्हणून तीन सामने काढले, तेही तसंच.

तेव्हा मला वाटलं, आपण थोर किती झाले ते मोजतो आहोत. तिथे उभं राहायला कोणाला दिलं, हे कोण मोजणार? रे डँड्रिज नावाचा कृष्णवर्णीय तिसरा बेसवाला उमेदीची सगळी वर्षं निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, आणि मेक्सिकोत खेळला. सगळ्यात वरच्या मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना उघडली तेव्हा त्याची तिशी उलटली होती. १९५० मध्ये मिनीॲपोलिसच्या संघातून तो त्या खालच्या पायरीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथून मेजर लीग म्हणजे एक जिना. पुढे मोठा तारा झालेल्या विली मेजला त्याच संघातून वर बोलावणं आलं, डँड्रिजला आलंच नाही. हॉलमध्ये त्याला १९८७ मध्ये घेतलं. त्याची आणि डावखुऱ्या पोरांची तुलना होत नाही, मला ठाऊक आहे. एकीकडे शरीराची रचना, दुसरीकडे माणसांनी माणसांना केलेली मनाई. तरी पाचाच्या आकड्याभोवती आजोबांनी काढलेला तो गोल मला त्यानंतर थोडा पोकळ दिसायला लागला.

मी स्वतः डावरी. म्हणजे होते. अंगणवाडीत पाटीवर 'ग' काढला तो डाव्या हातानं, आणि आमच्या आजीनं पेन्सिल काढून उजव्यात दिली. मारलं नाही. आजी कधी मारायची नाही, ती फक्त वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची. पेन्सिल, चमचा, हळदीकुंकवाचं बोट, तीर्थाची पळी. "डावा हात मोरीचा," एवढं म्हणायची. दोनेक वर्षांत माझं अक्षर उजवं झालं, आणि चांगलं झालं, शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. पण दगड मात्र डाव्यानंच मारायचे. चिंचा पाडताना, लगोरी फोडताना, भावांच्या क्रिकेटमध्ये बॉल टाकताना आजी बघत नसायची. आज मी उजव्या हातानं सही करते आणि कढईत भाजी डाव्या हातानं परतते. माझ्यात नक्की कुठला हात कोणाचा, हे मला धड सांगता येणार नाही. तक्रार म्हणूनही नाही. फक्त सासूबाई नातीला प्रसाद देताना थबकतात आणि ती डावा हात पुढे करते, तेव्हा मी स्वयंपाकघरात काही तरी आणायला जाते.

ब्रूक्स रॉबिन्सनचा पुतळा बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स या मैदानाजवळ आहे. ब्राँझचा, पण ग्लव्ह सोनेरी. सलग सोळा वर्षं, १९६० ते १९७५, तिसऱ्या बेसवरचा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा मान, त्याच्याकडे होता, म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये तो गेला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. त्या आठवड्यात आजोबा मैदानावर आले, वही आणली, पण उघडली नाही. मग आपणहून १९७० च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेची, गोष्ट सांगितली. सिनसिनाटीच्या ली मेनं मारलेला चेंडू तिसऱ्या बेसच्या मागे रेषेला घासून चाललेला. ब्रूक्सनं तो उलट्या हातानं अडवला, तोलात रेषेपलीकडे गेला आणि तिथूनच, अंग हवेत फिरवत, बघितल्या न बघितल्यासारखा फेकला. एक टप्पा घेऊन चेंडू पहिल्या बेसवर बूग पॉवेलच्या ग्लव्हमध्ये. सांगताना आजोबांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला होता. "आणि तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "तो माणूस सही डाव्या हातानं करायचा."

मी दोनदा विचारलं. हो, लिहायचा डाव्यानं, फेकायचा उजव्यानं.

म्हणजे माझा बरोब्बर आरसा. त्याच्या हातात पेन्सिल कोणी बदलली नाही. चेंडू त्याच्या उजव्या हातात कसा आला कोण जाणे. पण तो उजव्यात आला नसता तर तिसऱ्या बेसच्या यादीतल्या अगदी वरच्या नावांपैकी हे एक तिथे नसतं, एवढं नक्की. एका शनिवारी आम्ही पुतळ्यापाशी गेलो. लेकीनं सोनेरी ग्लव्हकडे बघितलंच नाही, मागे जाऊन उजव्या हातातला चेंडू बघितला आणि "हं" म्हणाली.

दर उन्हाळ्यात आम्ही ओशन सिटीला जातो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, चेसापीकचा पूल ओलांडला की रूट ५० वर मक्याची शेतं सुरू होतात. ईस्टन गेलं की ट्रॅप नावाचं एवढंसं गाव लागतं. कितीतरी वर्षं आम्ही तिथून नुसते गेलो. फ्रँक बेकर त्या गावचा. त्याचं टोपणनाव 'होम रन' बेकर, आणि एका मोसमात त्यानं कधी बारापेक्षा जास्त होम रन मारले नाहीत! १९११ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या दोन फटक्यांवर ते नाव जन्मभर चाललं. तोही तिसऱ्या बेसवाला. आणखी खाली, समुद्राच्या अलीकडे, स्नो हिल. निग्रो लीगचा जूडी जॉन्सन तिथे जन्मला. तिसरा बेस. यंदा नवऱ्याला गाडी ट्रॅपमध्ये वळवायला लावली. बघायला काही नव्हतं. उन्हानं तापलेला रस्ता, मेलबॉक्स, एका अंगणात पाण्याचा फवारा. सासूबाईंनी विचारलं, "इथे कोणाचं देऊळ आहे का?" लेक म्हणाली, "नाही आजी, इथला एक थर्ड बेसमन होता." सासूबाईंनी मान हलवली, आणि तेवढ्या थांब्यात सगळ्यांना एकेक दशमी दिली. लेकीनं डाव्या हातानं घेतली. त्यांनी हात मागे घेतला नाही. बहुधा ऊन फार होतं.

मोसमातली शेवटची मॅच जूनमध्येच झाली होती, ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी आठच पोरं आली, नवव्याला त्याचा बाप तोंड धुवायला लावून घेऊन आला. आम्ही नऊ धावांनी मागे होतो. शेवटच्या डावाला तिसऱ्या बेसवाल्या पोराच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि तो बाकावर जाऊन मान वर करून बसला. नववा पोरगा त्याच्या जागी यायला तयार होईना. कोचनं मैदानावर नजर फिरवली, मग घड्याळ बघितलं, मग लेकीकडे बघून तिसऱ्या बेसकडे बोट केलं. मी उभी राहिले. आजोबांनी पेन्सिल काढली.

लेक तिथे जाऊन वाकून उभी राहिली, उजव्या हातात ग्लव्ह, रेषेच्या बाजूला. मला तेव्हा दिसलं की रेषेवरून येणारा चेंडू तिच्या ग्लव्हला सरळ मिळाला असता, ब्रूक्ससारखा उलट्या हातानं अडवायची गरजच नव्हती. फेकायचं पुढचं पुढे. पहिला पोरगा तीन चेंडू चुकून बाद झाला. दुसऱ्याचा उडालेला चेंडू पिचरनं झेलला. तिसऱ्यानं मारला तो दुसऱ्या बेसकडे, सरपटत, मऊ. बाद. तिच्याकडे एकही चेंडू आला नाही. बुटानं मातीत खड्डा करून तिनं तो परत बुजवला आणि पळत आली.

आजोबांची वही मी वाकून बघितली. लेकीच्या नावापुढे आधीचा ३ होता. त्याच्या शेजारी तिरकी रेघ मारून त्यांनी ५ लिहिला होता, नेहमीसारखाच, बारीक आणि नीट.